बंगळूरला दिसणारा फळा

आमचे घरमालक दार वाजवत नसत. ते जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहून घसा साफ करत आणि जाहीर करत, "कृपया लक्ष द्यावे. घरमालक वरच्या खोलीकडे रवाना होत आहेत." तेवढ्या वेळात मी अंगात सदरा घालायचा, अशी व्यवस्था होती. सुरुवातीला एकदा मला ते जमलं नाही. बनियनवरचा मी पाहून मालक आल्या पावली खाली उतरले आणि तिथून नव्याने आवाज आला, "काही तांत्रिक कारणामुळे गाडी उशिरा सुटेल. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलरच्या केबिनमध्ये, माइकसमोर काढली होती. निवृत्त झाल्यावर माइक तिथं राहिला आणि आवाज घरी आला. जाहीर करायचं ते शुद्ध पुस्तकी मराठीत आणि बाकी सगळं पेठेतल्या बोलीत, असे त्यांच्या जिभेचे दोन फलाट होते. जेवायला बसले की म्हणत, "आमटी ताटात लागलेली आहे," आणि पहिला घास घेतला की, "मीठ मागच्याच स्टॉपवर उतरलं जनू."

"मग जावा चालत, आना त्याला," काकू म्हणत. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. चाळीस वर्षं त्यांनी हे सगळं ऐकलं होतं आणि त्यांची एकही गाडी चुकली नव्हती.

मी मुरगूडहून आलेला, शहरातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला. शिकवायला म्हणजे काय, मुलं ज्या धड्यावर असतील त्याच्या पुढचा धडा मी सकाळी चहा पिता पिता वाचून जायचो. मालक मला मास्तर म्हणत. वरच्या खोलीत माझा स्वतःचा कॉम्प्युटर होता, त्याला टेलिफोनची तार जोडलेली होती, आणि एवढ्या भांडवलावर गल्लीत माझ्याबद्दल बरेच गैरसमज होते. ते दूर करण्याची मी कधी घाई केली नाही.

गल्लीच्या तोंडाशी तालमीच्या भिंतीवर एक फळा होता. निवृत्तीनंतर मालकांनी तो आपणहून ताब्यात घेतलेला. रोज सकाळी ओल्या फडक्यानं कालचं पुसायचं, वाळू द्यायचं आणि आजचं लिहायचं. पाणी किती वाजता येणार, कोण वारलं, कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाची शेळी सापडली. भाषा अर्थातच स्टँडवरची. "कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्यांच्या सासूबाई मुक्कामी दाखल झाल्या असून परतीची वेळ अद्याप जाहीर झालेली नाही." गिरणीवाला चार दिवस मालकांचं दळण मागं ठेवत होता.

फळ्याच्या शेजारी बापूंचं सायकलचं दुकान. बापू आणि मालक शाळेपासूनचे. मालक लिहून मागं सरले की बापू हातात पाना धरून बाहेर येत, फळा मोठ्यानं वाचत आणि चूक काढत.

"काय रं बेण्या, दूध ऱ्हस्व काढलाईस. पानी घातलंस काय दुधात?"

"सुक्काळीच्या, तू पंक्चर काढ. माझ्या चुका काढू नगंस."

मग एकाच कपातला चहा दोघं बशीत ओतून घेत. आमच्याकडं शिवी ही कधी कधी शिवी असते, पण बहुतेक वेळा ती विचारपूस असते. दोन माणसं एकमेकांना 'अहो-जाहो' करताना दिसली तर आम्ही समजतो की त्यांचं कोर्टात काहीतरी चालू असणार.

हे सगळं बिघडलं ते मालकांच्या हातून. बापूंच्या मुलानं त्यांना कायमचं बंगळूरला बोलावलं. दुकान दुसऱ्याला देऊन टाकायचं बापूंनी ठरवलं आणि ते फक्त मालकांच्या कानात सांगितलं. थोरल्या भावाला सांगायचं अजून बाकी होतं. दुकान वडिलांनी घातलेलं, तेव्हा ते जरा जपून, चांगला वेळ बघून सांगायचं होतं. पण मालकांच्या पोटात बातमी ठेवणं म्हणजे गाडी फलाटावर लागलेली असताना माइक बंद ठेवणं. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर आलं, "सायकल दुकानाचे बापू बंगळूरकडे कायमचे रवाना होत आहेत. गल्लीतर्फे शुभेच्छा." थोरल्या भावानं ते दूध आणायला जाताना वाचलं.

त्या दिवशी बापू चूक काढायला बाहेर आले नाहीत. आले ते दुकानातलं फडकं घेऊन. सगळ्यांदेखत त्यांनी फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला आणि आत गेले. शिवी नाही, शब्द नाही. त्याच आठवड्यात ते बंगळूरला गेले, निरोप न घेता. फडक्याला ग्रीस होतं. पुढं कितीतरी दिवस त्या फळ्यावर खडू उठायचा नाही, घसरायचा. मालक तरी लिहीत. कुणाला वाचता येत नसे.

आणि मग एका रविवारी खालच्या पायरीवरून घोषणा झाली. मी सदरा घातला.

"मास्तर, आमाला एक फळा पायजे."

"तालमीत सांगा की. नवा रंग मारून देतील."

"त्यो न्हवं. बंगळूरात दिसंल असा."

बापूंच्या पुतण्याचे कबनूरला माग होते. कापड घेऊन तो बंगळूरला ये-जा करायचा. त्यानं सांगितलं होतं की म्हातारा दिवसभर मुलाच्या कॉम्प्युटरसमोर बसून असतो, कोल्हापूरचं काहीबाही शोधत.

"मग फोन करा की त्यांना," मी म्हणालो.

"फोनवर काय बोलू? वाकडं फळ्यावर झालंय. सरळ बी फळ्यावरच हुयाला पायजे. त्येनं नुसतं एकदा बेण्या म्हनावं, बास."

एवढंच त्यांना हवं होतं. एक शिवी. आणि ती मिळवून द्यायचं काम त्यांनी माझ्यासारख्या माणसाकडं दिलं.

"ह्याला ब्लॉग म्हणतात," मी पाय पसरून सांगितलं. "त्यासाठी फुकट सॉफ्टवेअर मिळतं. कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टीम."

"मॅनेजमेंट म्हंजे साहेब आलं. कोन हाईत साहेब?"

"तुम्हीच. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर."

मालकांनी सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावून घेतलं.

खरं सांगायचं तर मी तोवर एकही ब्लॉग बांधलेला नव्हता. वेबसाइटवरचं एक जाड पुस्तक अर्धं वाचलं होतं, तेही मागचं अर्धं. पहिली नोंद मी क्लासमध्ये पत्रिका छापायला वापरायचो त्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली. माझ्या पडद्यावर सुरेख दिसली. पुतण्या बंगळूरहून आला आणि म्हणाला, "तिकडं नुसत्या किडं-मुंग्या दिसत्यात. काका म्हनला, आंधळ्याला चष्मा लावाय पाठिवलाय जनू." मालकांचा चेहरा उजळला. "काका म्हनला म्हंजे, काकानं उघडून बघिटलं न्हवं?" मग मी युनिकोड नावाची गोष्ट शिकलो आणि जणू ती मला आधीपासून ठाऊक होती अशा थाटात त्यांना समजावून सांगितली.

नंतर रूपाचं काम. सॉफ्टवेअरबरोबर आलेला साचा निळा-पांढरा होता. मालकांना काळा फळा हवा होता, खडूची अक्षरं, भोवती लाकडी चौकट. मी स्टाइलच्या फाइलमध्ये रंगांचे आकडे बदलले आणि बदलता बदलता पाटी काळी केली तशी अक्षरंही काळी केली. मालकांनी बराच वेळ पाहिलं.

"पुसलेला फळा झ्याक जमलाय," ते म्हणाले. "आता ल्हिवलेला दाखवा."

दुरुस्ती करताना एक कंस माझ्या हातून गळला आणि सगळं पान पांढरं झालं. ना फळा, ना चौकट. "आता चुना मारलासा," मालक शांतपणे म्हणाले आणि खाली जाऊन काकूंना सांगून आले की काम चालू असल्यामुळे मार्ग बंद आहे. तो कंस शोधायला मला तीन संध्याकाळी लागल्या. या तीन दिवसांत वर येणारा चहा आपोआप अर्धा कप झाला होता.

बाजूच्या पट्टीत नोंदींचे प्रकार दाखवायचे होते. मालकांनी त्यांना फलाट केलं. फलाट एक, मयत. फलाट दोन, पाणी. फलाट तीन, शुभकार्य. कशातच न बसणाऱ्या नोंदींना सॉफ्टवेअर आपणहून एक इंग्रजी नाव देत होतं. मी त्याचं भाषांतर 'अवर्गीकृत' असं केलं. मालकांनी ते खोडून 'विनंती थांबा' केलं. आजही मला वाटतं, त्या संबंध ब्लॉगवर तेवढं एकच काम चोख झालं होतं, आणि ते माझं नव्हतं.

अडलं ते जुन्या नोंदींवर. रोज नवं लिहायच्या आधी मालक कालचं काढून टाकायला सांगत. "काल सुटलेली गाडी आज कशाला सांगायची?" मी म्हटलं, बापूंनी चार दिवसांनी उघडलं तर? ते विचारात पडले. जन्मभर पुसत आलेला माणूस. "ऱ्हाऊ दे मग," ते म्हणाले. "सगळं ऱ्हाऊ दे. त्येला येळ लागंल."

पाहुण्यांचंही एक प्रकरण झालं. सॉफ्टवेअर टाकलं की पहिल्या नोंदीखाली एक नमुन्याची प्रतिक्रिया आपोआप येते, ती लगेच काढून टाकायची असते. मी काढायला गेलो तर मालकांनी हात धरला. "पैलं पावणं हाईत. हाकलता व्हय?" मग त्या प्रतिक्रियेखाली त्यांनी एका बोटानं, पाऊण तास खर्चून लिहिलं, "आपले स्वागत आहे. चहा घेतल्याशिवाय जाऊ नये." पुढं घड्याळं विकणारे, गोळ्या विकणारे, घरबसल्या श्रीमंत करून देणारे असे जगभरचे लोक इंग्रजीतून यायला लागले. "तुमचं पान फार छान, मी पुन्हा येईन," असं काहीतरी त्यांत असे. मालक प्रत्येकाला उत्तर देत. "जरूर यावे. जोतिबाला जाताना आमच्याकडे उतरावे."

तेवढ्यात गल्लीतल्या कुणीतरी टारगटानं सायबर कॅफेतून गिरणीवाल्याच्या सासूबाईंबद्दल दोन ओळी टाकल्या. गिरणीवाला काठी घेऊन आला. मी ठरवलं, आता याचा पक्का बंदोबस्त करायचा. सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन होता. त्यात नको असलेले शब्द लिहून ठेवले की ते शब्द असलेली प्रतिक्रिया परस्पर कचऱ्यात जायची, आपल्याला कळवायचीसुद्धा नाही. मी तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसलो आणि शब्द गोळा केले. जाणकार मंडळींनी भरपूर मदत केली. एवढी संपूर्ण यादी जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडं नसेल, असा मला अभिमान होता. गोळ्या विकणारे त्यानंतरही निवांत येत राहिले. त्यांच्यात शिव्या देणारं कुणी नव्हतं.

मालक रोज लिहीत राहिले. फळा गल्लीचा, पण मजकूर एकाच माणसासाठी. "सायकल दुकानाच्या जागी मोबाईलचे दुकान सुरू झाले आहे. बाहेरचा कट्टा होता तसाच आहे." "थोरले बंधू काल येथे चहास थांबले. राग उतरलेला आहे." त्यांचं टाइप करून झालं, ते जिना उतरले, की मी ते वाचून काढायचो आणि शुद्धलेखन सुधारून टाकायचो. पान बाहेर देशात दिसतं, आणि बांधणारा मी, म्हणून जरा इभ्रतीचा प्रश्न. एक दिवस मालक अचानक परत वर आले. चक्क घोषणा न करता.

"ह्ये दूध दीर्घ कुनी केलं?"

"मी. चुकलं होतं."

"मास्तर," ते खुर्चीत बसत म्हणाले, "गळाला लावल्यालं गांडूळ तुमीच खाल्लासा."

मग माझ्या लक्षात आलं की ते चुका मुद्दाम करत होते. त्या दिवसापासून मी शुद्धलेखनाला हात लावला नाही. पण बापूंचं एक अक्षर आलं नाही. पुतण्या सांगायचा, काका रोज वाचतोय, रोज. मालक विचारत, "वाचून काय म्हनतोय?" पुतण्या म्हणे, "काय न्हाय. गप ऱ्हातोय."

आणि मग एके दुपारी प्रतिक्रिया आली. नाव बापूंचं. मी जिन्यात जाऊन ओरडलो. मालक दोन-दोन पायऱ्या चढत आले. पडद्यावर होतं:

"माननीय संपादक महोदय यांस, सप्रेम नमस्कार. आपला फळा नियमित वाचतो. आपला उपक्रम स्तुत्य आहे. आपणास पुढील वाटचालीस शुभेच्छा. आपला नम्र."

मला आनंद झाला. खरोखर झाला. "बघा," मी म्हणालो, "किती छान लिहिलंय. स्तुत्य म्हणालेत."

मालक दोनदा वाचून उठले. "स्तुत्य, मास्तर, मानूस मेल्यावर म्हनत्यात," एवढं बोलून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी घोषणा नाही. ब्लॉगवर नोंद नाही. तालमीच्या फळ्यावर आदल्या दिवशीचं पाणी तसंच वाहत होतं. तिसऱ्या दिवशी काकू वर आल्या, जिना चढून, गुडघ्यावर हात ठेवत.

"काय दाखवलासा ओ त्यास्नी? आमटीत मीठ न्हवतं, तरी काय बोलले न्हाईत."

"बापूंचं पत्र आलं, काकू. चांगलं होतं."

"काय म्हनून हाक मारलीया?"

"माननीय."

काकू तिथंच पायरीवर बसल्या. "संपलं की मग," त्या म्हणाल्या. "'आपन' म्हनला म्हंजे संपलं. सोयरीक मोडल्यावर बोलत्यात तसं झालं ह्ये."

बापूंना आपणच दोन ओळी लिहाव्यात म्हणून मी त्यांचा ईमेलचा पत्ता शोधायला ब्लॉगच्या आतल्या खोल्या उघडल्या. प्रतिक्रियांच्या पानावर एका कोपऱ्यात कचऱ्याचा कप्पा होता. तो मी बांधल्यापासून एकदाही उघडला नव्हता. उघडला. टारगटांच्या ओळी होत्या, गिरणीवाल्याचं नाव होतं, आणि मधे मधे, वेगवेगळ्या आठवड्यांतल्या, बापूंच्या प्रतिक्रिया होत्या. माझी यादी उत्तम चालत होती.

मी खाली धावलो. मालक झोपाळ्यावर भिंतीकडं तोंड करून बसले होते. त्यांना मी जवळजवळ ओढत वर आणलं. त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागले.

पहिली: "काय रं बेण्या, फळा बघिटला. एक बी चूक न्हाय. बरा हाईस न्हवं? वहिनीला इचारून कळीव."

मालक तिथंच थांबले. मग मान वळवून जिन्याकडं ओरडले, "अगं, मी बरा हाय का?"

"मला काय ठावं," खालून आवाज आला. "कोन इचारतंय?"

"बापू."

खाली भांडी घासायचा आवाज थांबला.

दुसरी: "ल्हिवल्यालं दिसंना तुझ्या फळ्यावर. पोरगा म्हनतोय फळेवाल्यानं मंजूर कराय लागतंय. कर की सुक्काळीच्या मंजूर. का आमाला फलाटावर हुबा करतोस?"

तिसरी: "परत न्हाय दिसलं. गोळ्या इकणाऱ्यास्नी चहाला बलवतोस आनि मला पुसतोस व्हय? मी एकदा पुसला, रागाच्या भरात. तू रोज पुसालाईस. पूस बेण्या, पूस. मी बी मानूस हाय."

त्यानंतरची तारीख त्या 'माननीय'ची.

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत पहिल्यापासून वाचायला लागले. दुसऱ्या वाचनाला आवाज चढला होता. काकू कधी वर येऊन दारात उभ्या राहिल्या, ते आम्हाला कळलं नाही. शेवटची ओळ ऐकून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"ह्ये पुसत कोन हुतं मग?"

"मी," म्हणालो. "म्हणजे सॉफ्टवेअर."

"एकदा बोला कोन त्ये," काकू म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसत खाली गेल्या.

तिन्ही प्रतिक्रिया आम्ही मंजूर केल्या. मालकांनी कीबोर्ड पुढं ओढला आणि एका बोटानं उत्तर लिहिलं, "सुक्काळीच्या, म्या न्हाय पुसलं. मास्तरनं पुसलं. बेण्या, वाट बघून मान दुखाय लागली." बटण दाबलं. उत्तर नाहीसं झालं. पुन्हा लिहिलं, पुन्हा नाहीसं. मालक माझ्याकडं वळले. त्या क्षणी त्यांना जे शब्द सुचले ते सगळेच्या सगळे माझ्या यादीत होते, आणि मी ते ऐकता ऐकता यादी रिकामी केली. तिसऱ्यांदा लिहिलेलं उत्तर मात्र जागेवर राहिलं.

बंगळूरचं उत्तर संध्याकाळी आलं. ते इथं देता येण्यासारखं नाही. निम्मं मालकांसाठी होतं आणि निम्मं माझ्यासाठी, वाडवडिलांसकट. गल्लीत राहून इतकी वर्षं झाली होती, पण मला इतक्या आपुलकीनं तोवर कुणी बोललं नव्हतं. दिवाळीनंतर येतोय, कट्ट्यावर कुणाला बसू देऊ नगंस, असं शेवटी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली घसा साफ झाला. मी सदरा घातला. मालक येऊन खुर्चीत बसले आणि प्रतिक्रियांचं पान उघडायला लावलं. बापूंच्या चार शिव्या एकाखाली एक, आणि त्यांच्या मधेच ते सप्रेम नमस्कार.

"ह्यो कोन?" त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"बापूच की ते."

"न्हाय. बापू ह्यो," वरच्यावर बोट नेत ते म्हणाले, "आनि ह्यो," खालच्यावर. "ह्ये माननीय म्हननारं पावणं कोन? आपल्या वळखीचं न्हाईत. उडवा."

मी बटण दाबलं. कॉम्प्युटरनं विचारलं, हे कायमचं काढून टाकायचं का. मालकांनी माझा हात बाजूला केला आणि माऊस स्वतः धरला.